खावयाचे दांत व दाखवावयाचे दांत

हत्तीचे खावयाचे दांत निराळे व दाखवावयाचे निराळे, ही म्हण आपल्या भाषेंत निंदेसाठींच वापरली जाते. ज्याच्या बोलण्यांत एक व करणींत दुसरें, अशा गृहस्थास ती चिकटवून आपण मोकळे होतों. हत्तीचें म्हणणें मात्र या व्यवहारांत कोणी विचारलेलें नाहीं. त्याच्या बाजूनें पाहिलें, तर या व्यवस्थेंत ढोंग असें कांहींच नाहीं. सुळ्यांचें काम बाहेर आहे म्हणून ते बाहेर आहेत, व दाढांचें काम आंत आहे म्हणून त्या आंत आहेत. सुळ्यांनीं ऊंस चघळावा आणि दाढांनीं शोभा द्यावी, असा आग्रह त्यानें धरला असता तर तो उपाशीं मेला असता. माणसाच्या तोंडांतही हीच वांटणी आहे; परंतु मोडलेल्या दांतावर टोपी बसविण्याचा प्रसंग येईपर्यंत माणसाला तिची आठवण होत नाहीं, आणि प्रसंग आला म्हणजे नेमकी त्याच वेळीं तो ती विसरतो.

दांतांच्या बाबतींत आपली भाषा मोठी उदार आहे. कोणी कोणावर दांत धरतो, कोणी दांतओठ खातो, कोणी दांतांच्या कण्या करून विनवितो, तर कोणाची दांतखीळ बसते. चणे आहेत तर दांत नाहींत, हें गाऱ्हाणें तर आपण प्रत्यक्ष दैवाविरुद्धच नोंदवून ठेविलें आहे. इतकें असून खऱ्या दांताकडे, तो ठणकूं लागेपर्यंत, आपण ढुंकूनही पाहत नाहीं. वस्तुत: शरीराच्या सर्व भागांत ज्याची काळजी आधीं घ्यावी असा हा भाग आहे. हाड मोडलें तर सांधतें, कातडी फाटली तर भरून येते. पण दांतावरचें जें पांढरें कवच, तें शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य असूनही, एकदां गेलें कीं पुन्हां उगवत नाहीं. तें घडविणाऱ्या पेशी दांत हिरडींतून वर येतां येतांच नाहींशा झालेल्या असतात. कारागीर काम संपवून गांव सोडून गेले आणि देऊळ तेवढें मागें राहिलें, अशी दांताची स्थिति आहे. पुढची सारी डागडुजी परक्या हातांनीं व परक्या द्रव्यानें करावयाची.

या डागडुजींतील सर्वांत मोठें काम म्हणजे मोडक्या दांतास चारी बाजूंनीं व वरून झांकणारें कवच बसविणें. इंग्रजी भाषेनें त्यास 'क्राउन' म्हणजे मुकुट असें राजेशाही नांव दिलें. आपण त्यास टोपी म्हणतों, किंवा 'कॅप' म्हणतों. आम्हांस टोपी हाच शब्द अधिक शहाणपणाचा वाटतो. मुकुट पाहणाऱ्यांसाठीं असतो. टोपी घालणाऱ्यासाठीं असते. मावळांत आषाढांत भाताची लावणी चालते, तेव्हां खाचरांत वांकलेल्या बायकांच्या पाठीवर पूर्वीं इरलें असे. आतां त्याची जागा बहुधा प्लॅस्टिकच्या कागदानें घेतली आहे. पण दोहोंचीही निवड कोणी तकाकीवरून केल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. पांघरूण वांकतां येईल इतकें हलकें हवें, वाऱ्यानें उडूं नये इतकें नेटकें बसलेलें हवें, आणि त्याखालचें माणूस कोरडें राहिलें पाहिजे. दांताच्या टोपीची परीक्षाही याच तीन गोष्टींत आहे. आमचें पुढील सारें सांगणें या तीन गोष्टींचाच विस्तार होय.

हा विचार करावयास लोणावळ्यासारखें दुसरें ठिकाण मिळणें कठीण. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडीचा मार्ग खुला झाला आणि घाटमाथ्यावरचें हें लहानसें गांव मुंबई-पुण्याच्या वाटेवर आलें. घाट फोडणाऱ्या मजुरांच्या न्याहारीसाठीं गूळ व शेंगदाणे यांची जी गुडदाणी होत असे, तिचीच पुढें चिक्की झाली असें सांगतात. आज लोणावळ्याहून परतणाऱ्या मनुष्याच्या हातीं चिक्कीचा पुडा नसेल, तर तो खरोखरच लोणावळ्यास गेला होता कीं नाहीं याविषयीं घरच्यांस शंका येते. चिक्कीचें सारें मर्म पाकांत आहे. पाक पुरता चढला तर ती काचेसारखी कडक् करून तुटते. कच्चा राहिला तर चिवट होऊन दांतांना धरून बसते. दांतांच्या दृष्टीनें दोन्ही प्रकार सारखेच दगाबाज आहेत. कडक चिक्की खिळखिळी झालेली भिंत पाडते, आणि चिवट चिक्की बसविलेली टोपी उपटते. त्यांतून मावळ हा भाताचा मुलूख. येथल्या आंबेमोहोराचा व इंद्रायणीचा वास कितीही मोहक असला, तरी एखाद्या घांसांत एखादा खडा दडून असतोच, आणि तो नेमका दुबळी दाढ शोधून काढतो.

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सारें घर आक्का म्हणतें, लोणावळ्यास राहतात. वय वर्षें बाहत्तर. शाळेंत मुलींना गणित शिकविण्यांत त्यांची हयात गेली. त्यांच्या उजव्या बाजूच्या खालच्या पहिल्या दाढेंत वीस वर्षांपूर्वीं चांदी भरलेली होती. त्या चांदीखालून कीड शिरत शिरत दाढेच्या मगजापर्यंत गेली होती, हें कोणास कळलें नव्हतें. गेल्या पावसाळ्यांत घरींच चिक्कीचा तुकडा चावतांना दाढेची आंतली भिंत ढासळली. डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा पूर्वींच काढलेल्या असल्यामुळें सर्व चर्वण याच एका बाजूनें चालत असे. आक्कांचा निर्णय तत्काळ झाला: ही दाढही काढून टाकावी. "या वयांत आतां नवी टोपी कशाला? मऊ भात खाईन," असें त्या म्हणाल्या, आणि हिशेबाची वही मिटावी तसा त्यांनीं विषय मिटविला.

आम्हांस भय वाटलें तें दाढेचें नव्हे. आमच्या मातोश्रींची अखेरचीं वर्षें आम्हीं पाहिलीं होतीं. प्रथम त्यांच्या ताटांतून ऊंस व भाजलेलें कणीस गेलें, मग शेंगदाणे गेले, मग कोशिंबीर गेली, आणि शेवटीं भाकरी दुधांत बुडूं लागली. प्रत्येक वेळीं 'आतां मला तें आवडत नाहीं' असें त्या म्हणत, आणि आम्ही तें खरें मानीत असूं. पंगतींतून माणूस उठण्यापूर्वीं त्याच्या पानांतून एक एक पदार्थ उठत जातो. आक्कांच्या पानांतून आतां भाकरी उठणार, इतकाच त्या 'मऊ भाता'चा अर्थ होता. म्हणून हा प्रश्न आम्हीं मिटूं दिला नाहीं.

प्रश्न मिटूं न दिल्यामुळें अर्थातच घरांत मसलत बसली. आमचे मेहुणे जुन्या वळणाचे. त्यांनीं सोन्याचा पुरस्कार केला. त्यांच्या वडिलांची सोन्याची दाढ त्यांच्याबरोबरच चितेवर गेली, पण जागची हलली नाहीं, हा त्यांचा पुरावा होता. परदेशस्थ भाच्यानें दूरध्वनीवरून सांगितलें, कीं जी सर्वांत महाग व सर्वांत पांढरी असेल तीच बसवा, पैसे मी पाठवितों. वहिनींचें मत असें, कीं शेजारणीनें जी बसविली तीच बरी; आंत धातु, वर चिनी मातीसारखा पांढरा थर, आणि किंमतही बेताची. सर्वांचें ऐकून घेऊन आक्का म्हणाल्या, "मरतांना तोंडांत सोन्याचा कण घालतातच. आतांच सोनें बसवा, म्हणजे तेवढी तुमची धांवपळ वांचेल." या चर्चेंत सोन्याविषयीं, पांढऱ्या रंगाविषयीं, पैशाविषयीं व मरणाविषयींही बोलणें झालें, ज्या दाढेवर टोपी बसावयाची, तिच्याविषयीं मात्र कोणी चकार शब्द काढला नाहीं.

तो काढला दंतवैद्य बाईंनीं. त्यांनीं क्ष-किरणांनीं मुळांचें चित्र घेतलें, मुळांच्या नळ्या साफ करून भरल्या, म्हणजे ज्यास सर्वत्र 'रूट कॅनल' म्हणतात तें केलें, जुनी चांदी व कीड काढून टाकली, आणि मग हिरडीच्या वर निरोगी दांत किती उरला आहे तें मोजलें. टोपी कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा. टोपी टिकावी यासाठीं हिरडीच्या वर सभोंवार सुमारें दोन मिलिमीटर उंचीची निरोगी दांताची भिंत उरलेली असावी, असें हें शास्त्र सांगतें. दोन मिलिमीटर म्हणजे जेमतेम एक तांदूळ आडवा ठेवावा इतकी उंची! पण सारें कांहीं तिच्यावर अवलंबून आहे. ज्यांनीं बैलगाडीचें लांकडी चाक पाहिलें आहे त्यांस याचें कारण सांगावयास नको. चाकावर लोखंडी धांव तापवून चढवितात. ती निवतांना आक्रसते व चाकाच्या सर्व पाट्यांना आवळून धरते. त्या आवळण्यांतच चाकाचें आयुष्य आहे. परंतु धांवेच्या आंत चाकच उरलें नसेल, तर आवळावयाचें काय? भिंत नसलेल्या दांतावर सोन्याची टोपी बसविली काय आणि पत्र्याची बसविली काय, दोन्ही सारख्याच निसटावयाच्या.

रूट कॅनल झालेला दांत कोरडा पडून ठिसूळ होतो, अशी समजूत सर्वत्र आहे. तिच्यांत फारसें तथ्य नाहीं. तो दुबळा होतो तो मुख्यत: भिंती गेल्यामुळें, किडीनें कांहीं नेल्या, वैद्यानें कांहीं कोरल्या, आणि मधला भाग पोकळ झाला. म्हणून चर्वणाचा सारा भार घेणाऱ्या दाढेला असें काम झाल्यावर बहुधा टोपी लागते. पण पुढच्या पटाशीच्या दांतास लहानसें छिद्र पाडून तेंच काम केलें असेल, तर नुसतें छिद्र भरूनही पुष्कळदां भागतें. कांहीं दाढांना पुरी टोपीही लागत नाहीं. झिजलेलीं वा तडकलेलीं शिखरें तेवढीं झांकणारी अर्धी टोपी पुरते. आक्कांच्या नातीचा समोरचा दांत त्याच सुमारास सायकलवरून पडून कोपऱ्यावर तुटला होता. भाच्याच्या मतें तिलाही टोपीच हवी होती. बाईंनीं दांताच्या रंगाचें द्रव्य थरावर थर चढवून कोपरा पुन्हां उभा केला आणि टोपीचें नांव काढूं दिलें नाहीं. टोपी बसवावयाची म्हणजे दांत सभोंवार घासून बारीक करावा लागतो, आणि घासलेलें पुन्हां उगवत नाहीं. बारा वर्षांच्या मुलीचा धड दांत शोभेसाठीं घासून टाकणें हें, घराचा कोपरा दुरुस्त करण्यासाठीं चारी भिंती तासण्यासारखें झालें असतें.

आतां द्रव्यांकडे वळूं. सोन्याचा मान पहिला, कारण त्याचें वय मोठें. ख्रिस्तापूर्वीं सहासातशें वर्षें इटलींतील एट्रुस्कन लोक सोन्याच्या पट्टीनें दांत बांधीत असत. तशा पट्ट्या त्यांच्या थडग्यांत सांपडल्या आहेत. १९०७ सालीं अमेरिकेंतील दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनीं दांताच्या मापाचें मेण घडवून, त्यावर साचा चढवून, मेण वितळवून, त्या पोकळींत सोनें ओतण्याची रीत दंतवैद्यकांत रूढ केली. आपल्याकडे हीच विद्या मधूच्छिष्टविधान या नांवानें मूर्तिकारांच्या हातीं होती, आणि चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकांतील ग्रंथांत ती सांगितलेली आहे. ज्या युक्तीनें देवांच्या मूर्ति झाल्या, तिनेंच माणसांच्या दाढाही झाल्या! शुद्ध सोनें या कामास मऊ पडतें. म्हणून त्यांत चांदी, तांबें, प्लॅटिनम किंवा पॅलेडियम मिसळतात. अशा सोन्याचे गुण खरोखरच मोठे आहेत. तें पातळ असलें तरी पुरतें, त्यामुळें दांत थोडा घासावा लागतो. त्याची कड दांताशीं बिनफट जुळते. आणि समोरच्या दांताला तें झिजवीत नाहीं. तेव्हां मेहुण्यांचा पक्ष हास्यास्पद नव्हता. त्यांच्या वडिलांची दाढ सोन्याच्या तेजामुळें नव्हे, तर त्याच्या या साध्या गुणांमुळें टिकली. पण आजच्या भावांत तें बहुतेकांच्या आवांक्याबाहेरचें आहे, आणि पिवळा दांत आतां कोणास नको असतो. निकेल, क्रोमियम, कोबाल्ट अशा धातूंची टोपी पुष्कळ स्वस्त व तशीच चिवट असते; मात्र खोट्या दागिन्यांनीं ज्यांचे कान चिडतात, त्यांनीं निकेलापासून दूरच राहावें.

पांढऱ्या टोपीची कथा निराळी. चिनी मातीच्या जातीचें कवच दांतावर चढविण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड या दंतवैद्यानें यशस्वी करून दाखविली. १९२७ सालीं एकट्यानें विमानांतून अटलांटिक महासागर ओलांडणारा लिंडबर्ग हा त्यांचा नातू. तें कवच दिसे सुंदर, पण फुटे कपाच्या कानासारखें. चिनी माती दाब सोसते, वांकविणें सोसत नाहीं, आणि दाढेवर तर दोन्ही प्रसंग प्रत्येक घांसाला येतात. पुढें १९६० नंतरच्या दशकांत आंत धातूची टोपी व वर त्या मातीचा थर अशी जोडी रूढ झाली. भट्टींतून निघाल्यावर दोन्ही द्रव्यें निवत असतां जवळ जवळ सारख्याच मानानें आक्रसलीं पाहिजेत, नाहीं तर वरचा थर तडकतो. एका घरांत राहावयाचें तर तापतांना व निवतांना दोघांची चाल जुळावी लागते, तसेंच हें आहे. या जोडीनें जगभर पुष्कळ वर्षें इमानानें काम केलें, व अजूनही करते आहे. वहिनींच्या शेजारीण त्यास साक्ष आहेत. तिचे दोष तीन. दोन थर मावावे म्हणून दांत दीड ते दोन मिलिमीटर घासावा लागतो. वरचा थर कधीं कधीं उडतो. आणि वय होऊन हिरडी खालीं सरकली, कीं कडेला धातूची काळसर रेघ दिसूं लागते.

काचेच्या जातीची टोपी समजण्यास मावळच्या माणसाला दूर जावयास नको. अंताजी दामोदर काळे यांनीं घरोघरचा पैसा पैसा जमवून जो पैसा फंड उभा केला, त्यांतून १९०८ सालीं तळेगांव येथें काचेचा कारखाना निघाला. लोकमान्यांचा त्यास पाठिंबा होता, आणि काच करणें हें तेव्हां स्वदेशाचें व्रत होतें. काचेच्या भट्टीजवळ उभें राहिलेल्या कोणासही ठाऊक असतें, कीं काच घाईनें निवविली तर आंतल्या ताणानें आपोआप तडकते. उष्णतेशीं काचेचें जें नाजूक नातें आहे, त्याचीच एक नवल वाटावी अशी बाजू १९५३ सालच्या सुमारास अमेरिकेंत उघडकीस आली. डोनाल्ड स्टूकी या संशोधकाच्या भट्टीचें तपमान ठरल्यापेक्षां तीनशें अंश वर गेलें. आंतली लिथियमयुक्त काच वितळून गेली असेल असें त्यास वाटलें. परंतु ती पांढरी व अपारदर्शक झाली होती, आणि चिमट्यांतून निसटून जमिनीवर पडली तेव्हां फुटलीही नाहीं. काचेच्या पोटांत बारीक स्फटिक उगवले होते, आणि तड पुढें सरकूं लागली कीं ते तिला अडवीत. आजची लिथियम डायसिलिकेटची टोपी याच कुळांतली. तिचा ठोकळा प्रथम निळा-जांभळा असतो. यंत्रानें दांताच्या आकाराचा कोरून सुमारें साडेआठशें अंशांवर भाजला, कीं स्फटिक वाढतात, आणि जांभळा रंग जाऊन दांताचा रंग येतो. प्रकाश तिच्यांतून खऱ्या दांतांतल्यासारखा थोडासा झिरपतो. पुढच्या दांतांस व उपदाढांस तिच्यासारखी शोभा दुसऱ्या कशास नाहीं. मात्र सर्वांत मागच्या दाढांवर, आणि रात्रीं झोंपेंत दांत खाणाऱ्या माणसाच्या तोंडांत, तिची फार कसोटी पाहूं नये.

राहिलें तें झर्कोनिया, ज्याच्या भाच्यानें दूरध्वनीवरून आरत्या ओंवाळल्या होत्या. १७८९ सालीं क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें झिर्कॉन नांवाच्या खड्यांतून हें द्रव्य ओळखून काढलें. त्या खड्याच्या नांवाचें मूळ फारशी 'जरगून' म्हणजे सोनेरी, या शब्दांत असल्याचें मानतात. आपल्या 'जरी'मध्यें जो जर आहे तोच हा. म्हणजे जरीच्या टोपीचें आणि या पांढऱ्या टोपीचें दूरचें नातें निघतें. याची ताकद काच-स्फटिकाच्या दुपटीहून अधिक भरते, व त्याचें कारण मोठें विलक्षण आहे. तड जेथें जाऊं पाहते तेथले कण आपली रचना बदलून किंचित् फुगतात, आणि तडेचें तोंड दाबून धरतात. जखमेनेंच जखम बुजावी, असा हा प्रकार आहे. त्यामुळें एकसंध झर्कोनियाची टोपी पातळ असली तरी चालते, आणि दांत थोडा घासावा लागतो. परंतु बाजारांतल्या दाखल्यांवर जी गोष्ट ठळक लिहिलेली नसते ती अशी, कीं झर्कोनिया अनेक प्रकारचें असतें. तें जितकें अधिक पारदर्शक व सुंदर करावें, तितकी त्याची ताकद उतरते. शिवाय बसवितांना तें कोठें घासावें लागलें, तर पुन्हां आरशासारखें गुळगुळीत केलेंच पाहिजे. गुळगुळीत झर्कोनिया समोरच्या दांताशीं सौम्यपणें वागतें. खरखरीत राहिलें, तर कानशीसारखें त्याला खातें.

हीं सारीं द्रव्यें एका ओळींत मांडून 'यांत श्रेष्ठ कोणतें?' असें विचारण्याचा मोह प्रत्येकास होतो. त्याचें उत्तर लोणावळ्याजवळच्याच कार्ल्याच्या डोंगरांत मिळतें. तेथील चैत्यगृह सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं खडकांत कोरलें गेलें. आंत गेल्यावर मान वर करून पाहावें: दगडी छताला लांकडाच्या कमानदार फांसळ्या बसविलेल्या आहेत, आणि स्तूपाच्या माथ्यावर लांकडाचेंच छत्र आहे. तें लांकूड अजून शाबूत आहे. दर्शनी बाजूच्या दगडांतही लांकूडकाम बसविण्यासाठीं कोरलेलीं भोंकें दिसतात, पण तेथलें लांकूड मात्र केव्हांच नाहींसें झालें आहे. ज्या कारागिरांनीं आंतलें लांकूड लाविलें, त्यांच्याच परंपरेचें तें काम असावें. मग फरक कशांत? मावळचा पाऊस बाहेरच्या लांकडापर्यंत पोंचत होता, आंतल्या लांकडापर्यंत नव्हता. लांकूड चांगलें कीं वाईट, हें ठरविलें जागेनें. सोनें, माती, काच व झर्कोनिया यांचें श्रेष्ठत्वही असेंच तोंडांतील जागा ठरविते.

आक्कांस हें सारें बाईंनीं थोडक्यांत समजावून दिलें, आणि आक्कांनीं गणिताच्या बाईस शोभेल असा एकच प्रश्न विचारला: "यांपैकीं कोणती टोपी घालतांना माझी स्वत:ची दाढ सर्वांत कमी कापावी लागेल?" आमच्या सबंध मसलतींत हा प्रश्न कोणास सुचला नव्हता. बाई हंसल्या व म्हणाल्या, "आजी, नुसत्या धातूची, नाहीं तर एकसंध झर्कोनियाची." निकेलाचा धातु बाद झाला, कारण खोट्या कुड्यांनीं आक्कांचे कान सुजतात हें सर्वांस ठाऊक होतें. सोनें आक्कांनींच बाद केलें: "तेवढ्या पैशांत दोन मुलींची वर्षाची फी निघते." राहिलें झर्कोनिया. भाच्यास आपण जिंकल्यासारखें वाटलें. पण आक्कांनीं त्यांतलें सर्वांत सुंदर व महाग जें होतें तें नाकारून, थोडें निस्तेज पण अधिक बळकट असें निवडलें. "मागच्या दाढेकडे कोण पाहणार आहे? आणि पाहण्याइतकें तोंड उघडून मी कोणापुढें हंसत नाहीं," हें त्यांचें कारण.

टोपी तयार होईपर्यंत दोन आठवडे तात्पुरती टोपी होती, आणि त्या बाजूनें कांहीं कठीण चावावयाचें नाहीं अशी सक्त ताकीद होती. दुसरी बाजू नव्हतीच. म्हणून ते दोन आठवडे आक्कांनीं मऊ भात, कढी व कुसकरलेली भाजी यांवर काढले. तक्रारीचा शब्द त्यांनीं काढला नाहीं. मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घरांत भाकरी भाजल्याचा वास आला, कीं त्या उठून बाहेरच्या खोलींत जाऊन बसत, हें आमच्या दृष्टीस पडलें.

टोपी बसल्यावर काम संपलें असें मानणें, हा या विषयांतला सर्वांत महागात पडणारा समज आहे. टोपीला कीड लागत नाहीं. पण टोपीची कड जेथें दांताला मिळते, तेथें हिरडीलगत आपला मूळ दांत उघडाच असतो, आणि कीड तेथूनच शिरते. लोणावळ्यास १९२४ पासून कैवल्यधाम ही स्वामी कुवलयानंदांनीं स्थापिलेली योगसंस्था आहे. हठयोगाच्या ग्रंथांत शुद्धीच्या ज्या क्रिया सांगितल्या आहेत, त्यांपैकीं दंतधौतींत घेरंडसंहितेनें दंतमूलाची शुद्धि स्वतंत्रपणें सांगितली आहे. दांताच्या चकचकीत पृष्ठभागाची नव्हे, मुळाची! त्या काळीं टोप्या नव्हत्या. पण घाण कोठें सांचते, तें योग्यांनीं नेमकें हेरलें होतें. आक्का आतां रोज रात्रीं दांतांमधून बारीक धागा फिरवितात, आणि तो त्या ज्या गांभीर्यानें फिरवितात, त्यावरून पूर्वीं त्या उत्तरपत्रिका कशा तपाशीत असतील याची कल्पना येते.

या गोष्टीस आतां सहा महिने होऊन गेले. परवां आम्ही लोणावळ्यास गेलों असतां जेवणांत नाचणीची भाकरी, लसणीची चटणी आणि कांद्याची पात होती. आक्का आमच्याशीं बोलत बोलत जेवत होत्या, आणि बोलण्याच्या भरांत त्यांनीं दुसरी भाकरी वाढून घेतली. ती त्यांनीं कोणत्या दाढेनें चावली, तें त्यांच्याही ध्यानांत नसावें.